आमचा पिता आणि आपला पिता : सीमेवरील मंडळीच्या शब्दांचा इतिहास

धारवाडहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अळणावर हे जंक्शन आहे. येथून एक फाटा दांडेलीच्या अरण्याकडे वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने हा मार्ग घातला, आणि लाकूड, धान्य व माणसे यांच्याबरोबर भाषांचीही येथे ये-जा सुरू झाली. दि. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश मुंबई राज्यात होता. त्यानंतर तो आजच्या कर्नाटकात समाविष्ट झाला. राज्य बदलले तरी घरातील बोली एका दिवसात बदलत नाही. म्हणून आजही या परिसरात मराठी, कन्नड, कोंकणी आणि उर्दू या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात, आणि उपासनेच्या वेळी त्यांपैकी तीन भाषा एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

अशा मंडळीत सेवा करणाऱ्या पाळकापुढे व धर्मशिक्षकापुढे एक प्रश्न नित्य उभा राहतो, तो शब्दांचा. योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभू येशूला जे ग्रीक नाव दिले आहे, त्या 'लोगोस' या नावाकडे पाहावे. मराठी शास्त्राने त्यासाठी 'शब्द' हा शब्द योजला. कन्नड शास्त्राने 'वाक्य' योजला. कोंकणी शास्त्रात तेथे 'उतर' आहे. आता मराठी श्रोत्याच्या कानी 'वाक्य' पडले तर त्याला व्याकरणातील कर्ता, कर्म, क्रियापद आठवते. आणि कोंकणी 'उतर' त्याला 'उत्तर', म्हणजे प्रश्नाला दिलेला जबाब, असे भासते. तिन्ही भाषांतरकार विद्वान होते आणि तिघांनीही निष्ठेने काम केले. तरीही एका बाकावरील तीन श्रोत्यांच्या मनात तीन निरनिराळ्या कल्पना उभ्या राहतात.

प्रस्तुत लेखाचा हेतू या शब्दांपैकी कोणता बरोबर व कोणता चूक हे ठरविण्याचा नाही. आपण व्यासपीठावरून जे शब्द उच्चारतो ते आपल्याकडे कोणत्या मार्गाने आले, त्यांना अर्थ कोणी दिला, आणि तो अर्थ आज श्रोत्यांच्या मनात शिल्लक आहे काय, याचा विचार करावा, एवढाच हेतू आहे. शब्दकोश शब्दाची नोंद करतो. त्याला अर्थ देते ते लोकांचे जीवन. हे ज्या सेवकाने ओळखले नाही त्याचा उपदेश शुद्ध असूनही व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

१. राशोल : उसने शब्द आणि घरचे शब्द

आपल्या भागातील ख्रिस्ती शब्दसंपत्तीचा सर्वांत जुना मोठा साठा गोव्यातून आला. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात सेवा केली. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, मात्र त्यात कोंकणी शब्द सहजपणे मिसळलेले आहेत. त्यांनी रचलेले कोंकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली आणि कोंकणी व्याकरण १६४० साली, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. पोर्तुगीज लोक त्या काळी कोंकणीला 'कानारीं' म्हणत, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण त्या नावावरून पुढे कोंकणी आणि कन्नड यांचा घोटाळा अनेकांनी केला.

स्टीफन्स यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, परकी शब्द जसाच्या तसा आणणे. दुसरा, घरचा शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरणे. त्यांनी दोन्ही मार्ग वापरले. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा विष्णुभक्तांचा शब्द घेतला आणि प्रभूसाठी 'स्वामी' हा शब्द घेतला. परंतु पवित्र आत्म्यासाठी त्यांनी लॅटिन-पोर्तुगीज नावच ठेवले. कोंकणी प्रार्थनेत हे परके नाव 'इस्पिरित सांत' या रूपाने शेकडो वर्षे टिकले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (१९६२–१९६५) काळात त्याची जागा हळूहळू 'पवित्र आत्मा' या शब्दांनी घेतली. ज्या आजींनी जन्मभर 'इस्पिरित सांत' म्हणून क्रूसाची खूण केली त्यांना नवा शब्द शुद्ध असूनही परका वाटला असेल, हे समजण्यासारखे आहे. परका शब्दही प्रार्थनेत घासून घासून घरचा होतो.

याच्या उलट प्रकार 'देवचार' या शब्दाचा. गोव्याच्या हिंदू लोकश्रद्धेत देवचार म्हणजे गावाची वेस राखणारा, वाट चुकलेल्यास घरी पोहोचविणारा राखणदार. कोंकणी ख्रिस्ती वापरात मात्र देवचार म्हणजे सैतान, भूत. एकाच शब्दाने एक शेजारी रक्षकाचे नाव घेतो आणि दुसरा शत्रूचे. खानापूर-हल्याळच्या बाजूस ज्या धर्मशिक्षकास दोन्ही प्रकारच्या घरांत जावे लागते, त्याने हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण कोणाच्या ओट्यावर बसलो आहोत हे पाहिले पाहिजे. हा शब्द ख्रिस्ती माणसाने बनविला नाही. त्याने त्याचा अर्थ उलटविला. अशा उलटविलेल्या शब्दांत आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेविषयीचा निवाडाही बांधलेला असतो, आणि तो निवाडा आपण रोज न कळत उच्चारीत असतो.

२. सेरामपूर, मुंबई आणि बेळगाव : 'तारण'

मराठी प्रॉटेस्टंट मंडळीच्या शब्दांचा प्रवाह निराळ्या उगमातून आला. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी अक्षरांत मराठी कोश प्रसिद्ध केला. नवा करार १८११ साली निघाला. मुंबईत अमेरिकन मिशनचे सेवक १८१३ साली आले आणि त्यांनी नव्या कराराचे भाषांतर १८२६ साली छापले. त्याच सुमारास मुंबई सरकारच्या आश्रयाने शास्त्रीमंडळींनी मराठीचा मराठी कोश रचला. १८२९ साली निघालेला हा ग्रंथ 'पंडितांचा कोश' म्हणून ओळखला जातो. त्यामागोमाग १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजारांच्या घरात गेले. मोल्सवर्थ हे सैन्यातील अधिकारी आणि निष्ठावंत ख्रिस्ती होते. परंतु त्यांचा कोश ज्यांच्या जिभेवरून उतरला ते शास्त्री, कारकून व गावोगावचे बोलणारे लोक होते. मुखपृष्ठावर एक नाव असते. शब्द मात्र अनेकांचे असतात.

या कोशाला सामान्य वाचकांपर्यंत नेण्याचे काम बेळगावच्या एका सुपुत्राने केले. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली, म्हणजे मोल्सवर्थच्या कोशाच्याच वर्षी, बेळगाव येथे झाला. १८५४ साली तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८६३ साली त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारा लेखक कोशाच्या कामातही रमला, यात नवल नाही. विधवांचे दुःख सांगण्यासाठी ज्याला घरातील स्त्रियांची भाषा ऐकावी लागली, त्याला शब्दाचे मोल कळलेच असले पाहिजे.

या परंपरेतून आपल्याला मिळालेला सर्वांत मोलाचा शब्द 'तारण' हा होय. तारणे म्हणजे पार नेणे, पैलतीरास पोहोचविणे. नदी, नाव, नावाडी ही सर्व प्रतिमा त्यात आहे, आणि ती संतांच्या वाणीत मुरलेल्या मराठी मनाला ओळखीची आहे. परंतु याच शब्दाला मराठी व्यवहारात दुसराही अर्थ आहे: कर्जासाठी सावकाराकडे किंवा पेढीत ठेवलेली वस्तू. पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' ही अक्षरे आपण सर्वांनी वाचली आहेत. ज्या घरातील पाटल्या अशा तारणात अडकल्या आहेत, त्या घरातील माउलीने रविवारी 'तारण' ऐकले म्हणजे तिच्या मनात काय येत असेल? काहीतरी गहाण ठेवल्यावाचून देव काही देत नाही, असे तर नव्हे? असा समज झाला तर कृपेच्या शिकवणीचा पायाच ढासळतो; आणि तो ढासळला हे उपदेशकाला कळतही नाही, कारण शब्द तर शास्त्रातलाच आहे.

यावर उपाय शब्द टाकून देणे हा नव्हे. पौलाने स्वतः बाजारातील भाषा वापरली आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:२२, ५:५) आणि इफिसकरांस पत्रात (१:१४) त्याने पवित्र आत्म्याला जे ग्रीक नाव दिले ते सौद्याच्या वेळी आगाऊ देण्याच्या रकमेचे आहे. मराठी भाषांतरकारांनी तेथे 'विसार' हा बाजारातलाच शब्द ठेवला, आणि फार उत्तम केले. येथे देणारा देव आहे आणि विसार त्याने दिला आहे. माणसाने काही गहाण ठेवलेले नाही. तारण आणि विसार हे दोन शब्द शेजारी ठेवून पाळकाने समजावून दिले, तर पतसंस्थेची पाटीच त्याच्या उपदेशाचे उदाहरण होईल.

याच ठिकाणी कन्नड शास्त्रात 'संचकार' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ विसार असाच. पण आजच्या कन्नड बोलण्यात व वृत्तपत्रांत 'जिवाला संचकार' अशा प्रकारच्या प्रयोगात तो धोका, संकट या अर्थी येतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी भाषांतरकाराने अचूक शब्द निवडला. पुढे जीवनाने त्याचा अर्थ फिरविला. तरुण कन्नड श्रोत्याला वचन ऐकून आत्मा हा धोका वाटला, तर त्यात भाषांतरकाराचा दोष नाही. जो आज ते वचन वाचून दाखवितो आणि एक शब्दही न समजावता पुढे जातो, त्याने मात्र विचार करावा.

३. धारवाड : एकच ध्वनी, दोन अर्थ

बासेल मिशनचे सेवक १८३४ साली मंगळूरला आले. धारवाड येथे त्यांनी १८३७ साली आणि हुबळी येथे १८३९ साली ठाणे केले. १८५३ साली भारतात आलेले फर्डिनंड किट्टेल यांच्या सेवेचा आरंभ धारवाड भागातच झाला. प्रभू येशूचे चरित्र कन्नड छंदांत सांगणारी 'कथामाले' त्यांनी १८६२ साली प्रसिद्ध केली. स्टीफन्स यांनी ओवीत जे केले तेच किट्टेल यांनी कन्नड वृत्तांत केले. त्यांचा सुमारे सत्तर हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळूर येथे छापून निघाला. या कोशात शब्दाचा अर्थ सांगून किट्टेल थांबत नाहीत; जुने काव्य, म्हणी आणि बोलणे यांतील प्रयोग ते पुढे ठेवतात. शब्द कोणाच्या तोंडी कसा येतो हे दाखविल्याखेरीज त्याचा अर्थ पुरा होत नाही, ही त्यांची पद्धत धर्मशिक्षकानेही उचलावी अशी आहे.

मराठी आणि कन्नड यांनी संस्कृतातून असंख्य शब्द घेतले. त्यामुळे सीमेवर एक भ्रम निर्माण होतो: शब्द ओळखीचा आहे म्हणून अर्थही ओळखीचा आहे. काही उदाहरणे पाहावीत. मराठीत 'अवसर' म्हणजे संधी, सवड. कन्नडात 'अवसर' म्हणजे घाई. पश्चात्तापासाठी देव अवसर देतो असे मराठी उपदेशक म्हणतो. कन्नड कान नेमके उलटे ऐकतो. मराठीत 'अनुमान' म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडात 'अनुमान' म्हणजे शंका, संशय. रिकाम्या कबरेवरून शिष्यांनी काय अनुमान केले, असे आपण विचारतो. ऐकणारा समजतो की शिष्यांच्या संशयाविषयी प्रश्न आहे. मराठीत 'प्रसंग' म्हणजे घटना, कधी संकट. कन्नड ख्रिस्ती बोलण्यात 'प्रसंग' म्हणजे उपदेश. आपण ज्याला डोंगरावरील प्रवचन म्हणतो, ते त्यांच्याकडे 'पर्वत प्रसंग' होय. आणि आपल्या शास्त्रातील 'उपदेशक' हे पुस्तक त्यांच्या शास्त्रात 'प्रसंगी' या नावाने आहे.

'विश्वास' हा शब्द तर दोन्ही भाषांत ख्रिस्ती जीवनाच्या मध्यभागी आहे. कन्नड कॅथलिक मंडळीत श्रद्धेसाठी तोच रूढ आहे, तर कन्नड प्रॉटेस्टंट परंपरेत 'नंबिके' हा देशी शब्द अधिक चालतो. शिवाय रोजच्या कन्नडात 'विश्वास' शब्दात स्नेह, आपुलकी यांचीही छटा आहे. ही छटा मराठीत नाही. मराठी पाळकाने ती दोष म्हणून पाहू नये. विश्वास म्हणजे केवळ मतांना दिलेली मान्यता नव्हे, तो देवाशी जडलेला स्नेहही आहे, हे शेजारच्या भाषेने आपल्याला फुकट शिकविलेले आहे.

याच सीमेशी नाते असलेली आणखी एक व्यक्ती येथे आठवते. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात, मराठी कुटुंबात झाला. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रकाशित झाले. छपाईचे काम सदनातील स्त्रियांनी केले. संस्कृत ज्यांना मुखोद्गत होते त्या रमाबाईंनीच पांडित्याचा मराठी शब्द टाळून साध्या स्त्रियांना कळेल असा शब्द शोधावा, हे मननीय आहे. जुन्या धर्मविचाराचे ओझे कोणत्या शब्दावर किती आहे, हे त्यांना आपल्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते.

४. दूरचे एक उदाहरण : क्री भाषा

आपल्यापुढील प्रश्न केवळ आपलाच नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, कॅनडातील अरण्यांत व मैदानांत राहणाऱ्या क्री लोकांमध्येही हाच इतिहास घडला, आणि त्यातील एक गोष्ट मराठी उपदेशकाला फार जवळची आहे; म्हणून त्याकडे वळावे.

१८४० साली नॉर्वे हाउस या ठाण्यावर जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट सेवकाने क्री भाषेसाठी एक अक्षरमाला प्रचारात आणली. तिच्यात चिन्हाचा आकार व्यंजन सांगतो आणि चिन्हाची दिशा फिरविली की स्वर बदलतो. या रचनेवर लघुलिपीचा आणि देवनागरीचाही प्रभाव असावा असे अभ्यासक मानतात. चहाच्या पेट्यांना आतून लावलेल्या शिशाच्या पत्र्यांपासून इव्हान्स यांनी छपाईचे खिळे ओतले असे सांगतात. क्री लोकांची स्वतःची परंपरा मात्र सांगते की ही अक्षरे मिस्तनस्कोवेव नावाच्या त्यांच्याच एका वडीलधाऱ्यास आत्मलोकातून मिळाली. ज्या लोकांनी ती अक्षरे थोड्याच काळात एकमेकांना शिकवून सर्वत्र पसरविली, त्यांना ती आपलीच वाटणे स्वाभाविक आहे.

सबंध क्री शास्त्र १८६० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये छापले गेले. त्यावर विल्यम मेसन यांचे नाव आले. परंतु त्या भाषांतरात हेन्री स्टाइनहाउअर, जॉन सिंक्लेअर आणि मेसन यांची पत्नी सोफिया यांचा मोठा वाटा होता. सोफिया ही क्री मातेची कन्या होती. पंडितांचा कोश व मोल्सवर्थ यांच्याविषयी वर जे म्हटले तेच येथे पुन्हा दिसते. पुढे वॉटकिन्स यांचा क्री कोश १८६५ साली आणि कॅथलिक धर्मगुरू लाकोंब यांचा १८७४ साली निघाला.

या कोशांतील शब्द पाहिले म्हणजे एका लोकसमूहाचे मन दिसते. परमेश्वरासाठी क्री ख्रिस्ती 'किसेमनितो' म्हणतात. 'मनितो' म्हणजे दिव्य शक्ती, आत्मिक सत्ता; त्याच्या आधी येणाऱ्या 'किसे' मध्ये थोरपणा आणि दयाळूपणा दोन्ही सामावतात. 'अयमिव' म्हणजे तो बोलतो; त्याच धातूपासून झालेला 'अयमिहावीन' हा शब्द प्रार्थना आणि धर्म या दोहोंसाठी चालतो. म्हणजे त्या भाषेत धर्म हा मुळात देवाशी बोलणे आहे. 'कितिमाकिसिव' म्हणजे तो गरीब, दीन आहे. आणि 'कितिमाकेयिमेव' म्हणजे तो त्याच्यावर दया करतो. समोरच्याचे दैन्य मनाने ओळखणे हीच दया, असे त्या शब्दाच्या घडणीतच आहे. पापासाठी वापरला जाणारा 'पास्ताहोविन' हा शब्द मात्र मूळचा त्यांच्या जुन्या नीतिविचारातला: जगाची घडी मोडणारे आणि म्हणून करणाऱ्यावरच उलटणारे कृत्य. मिशनऱ्यांनी हा शब्द घेतला तेव्हा त्यांना अर्धे काम झालेले आढळले. उरलेले अर्धे, म्हणजे उलटलेले पाप दुसऱ्याने आपल्या अंगावर घेतले ही सुवार्ता, त्यांना सांगावयाची होती.

५. आम्ही आणि आपण

आता ती जवळची गोष्ट. क्री भाषेत 'आमचा' आणि 'आपला' यांत भेद आहे. ज्याच्याशी बोलतो त्याला वगळून 'आमचा पिता' म्हणावयाचे तर 'नोहतावीनान'; त्याला धरून 'आपला पिता' म्हणावयाचे तर 'कोहतावीनव'. प्रभूची प्रार्थना भाषांतरित करताना कोणते रूप घ्यावे हे ठरवावे लागले. प्रार्थना देवाशी बोलणे आहे आणि देव स्वतः त्या 'आम्हां'मध्ये मोडत नाही, म्हणून तेथे पहिलेच रूप योग्य. परंतु एका भावाने दुसऱ्या भावाला देवाविषयी सांगावयाचे असेल तर दुसरे रूप हवे.

मराठी वाचकाच्या हे तत्काळ ध्यानात येईल, कारण आपल्या भाषेतही हाच भेद आहे. इंग्रजीत नाही, ग्रीकमध्ये नाही, आजच्या कन्नडातही नाही. कन्नडात 'नावु' आणि 'नम्म' ही रूपे दोन्ही अर्थी चालतात. मराठी प्रभूची प्रार्थना 'आमच्या' या शब्दाने देवाला हाक मारते, आणि ते व्याकरणाने व धर्मविचाराने दोन्ही प्रकारे योग्य आहे. परंतु पत्रांचे भाषांतर करताना मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी थांबावे लागले. पौल 'आम्ही' म्हणतो तेव्हा तो फक्त प्रेषितांविषयी बोलतो की वाचकांनाही जवळ घेतो? ग्रीकने प्रश्न मोकळा ठेवला. मराठीने उत्तर दिल्याखेरीज सुटका नाही. आपल्या शास्त्रातील प्रत्येक 'आपण' हा म्हणून एक छोटासा भाष्यग्रंथ आहे.

आता अळणावरसारख्या ठिकाणी काय घडते ते पाहावे. ज्या सेवकाची मातृभाषा कन्नड आहे तो मराठीत बोलताना 'नावु'च्या जागी सरसकट 'आम्ही' ठेवतो. हिंदीच्या सवयीनेही तेच होते. तो म्हणतो, देवाने आमच्यावर प्रीती केली. आम्हांस क्षमा मिळाली. त्याच्या मनात समोर बसलेला प्रत्येक जण आहे. पण मराठी कानाला ऐकू येते: प्रीती त्यांच्यावर झाली, क्षमा त्यांना मिळाली, माझे काय? उलट, जो मराठी सेवक पापाविषयी बोलताना 'तुम्ही' आणि कृपेविषयी बोलताना 'आम्ही' म्हणतो, त्याला तर भाषेची अडचण नाही. त्याचे सर्वनामच त्याचे मन उघडे करते. परक्या घरी दुःखाच्या वेळी जाऊन 'आमचा देव तुम्हांला शांती देईल' असे म्हणणे आणि 'आपला देव' म्हणणे, यांत एका अक्षराचे नव्हे, उंबरठ्याच्या आतबाहेरचे अंतर आहे. ऐकणारा त्या एका शब्दावरून ठरवितो की हा मनुष्य मला घरात बोलावतो आहे की दारात उभे ठेवतो आहे.

सीमेवरच्या मंडळीत हे अधिक जपावे लागते, कारण येथे 'आम्ही' हा शब्द भाषेच्या आणि राज्याच्या वादातही वापरून झिजलेला आहे. आम्ही मराठी, आम्ही कन्नड, अशा वाक्यांत त्याचा जो स्वर असतो, तोच स्वर सुवार्तेला चिकटू देता कामा नये.

६. उपसंहार

राशोल, सेरामपूर, मुंबई, बेळगाव, मंगळूर, धारवाड आणि दूर नॉर्वे हाउस, या सर्व ठिकाणांच्या इतिहासातून सेवकाच्या उपयोगाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, वारशाने मिळालेला शब्द सहसा टाकू नये. पिढ्यांच्या प्रार्थनेने तो पवित्र झालेला असतो. पण तो समजावून द्यावा. 'तारण', 'विसार', 'संचकार', 'वाक्य' हे शब्द वाचनात आले की दोन मिनिटे थांबून त्यांचा अर्थ सांगणे हे उपदेशाबाहेरचे काम नव्हे. त्या दिवसाचा तोच उपदेश ठरू शकतो.

दुसरी, धर्मशिक्षकाने शब्दांची एक वही ठेवावी. तिच्या एका पानावर मराठी शब्द, समोर कन्नड आणि कोंकणी शब्द, आणि खाली कोणी तो कोणत्या अर्थाने वापरला त्याचा एक प्रयोग, एवढे पुरे. किट्टेल आणि मोल्सवर्थ यांनी याहून निराळे काही केले नाही. त्यांनी ते अधिक वर्षे केले. दृढीकरणाच्या वर्गातील मुलांना 'कृपा म्हणजे काय' असे विचारण्याऐवजी 'घरी तुम्ही हा शब्द केव्हा वापरता' असे विचारले, तर वहीची बरीच पाने मुलेच भरून देतील. घरात मराठी व शाळेत कन्नड अशा दुहेरी वातावरणात वाढणारे मूल दोन्ही भाषांतील फरक आपल्यापेक्षा लवकर ओळखते.

तिसरी, आपले 'आम्ही' आणि 'आपण' तपासावे. उपदेश लिहून काढणाऱ्या बंधूंनी एकदा केवळ सर्वनामांवर नजर फिरवावी. प्रार्थनेत देवापुढे 'आम्ही' असावे. बंधुभगिनींपुढे, आणि अजून मंडळीत न आलेल्या शेजाऱ्यापुढेही, शक्य तेथे 'आपण' असावे. मराठी भाषेने हा भेद आपल्या हाती दिला आहे. ज्या सुवार्तेचा सारा आशय दूर असलेल्यांना जवळ आणणे हा आहे, ती सांगणाऱ्याला याहून नेमके साधन दुसरी भाषा क्वचितच देईल.